अजून हळदच आहे

मतमोजणीच्या दिवशी आपल्याकडे सगळे अचानक फार अचूक मराठी बोलायला लागतात. एरवी "झालंच समजा" म्हणणारा माणूससुद्धा त्या दिवशी "आघाडीवर" आणि "विजयी" हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही. सकाळी दहाला उमेदवार चार हजारांनी पुढे असतो, कार्यकर्त्यांनी गुलालाची पोती आणून ठेवलेली असतात, पण फोडत कोणी नाही. का, तर अमुक गटातल्या फेऱ्या अजून मोजायच्यात. निवडणूक आयोगाच्या निकालाच्या पानावरही नावापुढे कुठला शेरा आहे आणि कितव्या फेरीपर्यंतचा आकडा आहे हे लिहिलेलं असतं. म्हणजे आकड्यासोबत तो किती शिजलाय तेही सांगितलेलं असतं.

मग हीच माणसं शनिवारी रात्री फोनवर फँटसी टीमचे लाइव्ह गुण बघायला बसली की एवढी भाबडी का होतात?

माझं उत्तर असं आहे की माणसं भाबडी होत नाहीत, सॉफ्टवेअर त्यांना भाबडं करतं. आणि हे मुद्दाम केलेलं असतं किंवा निदान आळसानं झालेलं असतं. दोन्हीचा परिणाम सारखाच.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी पोटासाठी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. गाव केम, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर जेऊर गेलं, भाळवणी गेलं की केम, आणि पुढे कुर्डुवाडी. झोपलात तर कुर्डुवाडीलाच उतराल. गावाची ओळख दोन गोष्टींनी, एक उत्तरेश्वराचं मंदिर आणि दुसरं कुंकू. तुमच्या घरातल्या देवघरात जी कुंकवाची पुडी आहे ती केमची असण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे, एकदा उलटी करून बघा. खेळ म्हणाल तर आमच्याकडे क्रिकेट, कबड्डी आणि कुस्ती. फुटबॉल हा कोल्हापूरवाल्यांचा प्रांत. तिकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की अख्खं शहर दोन तुकड्यांत वाटलं जातं. आमच्याकडे फुटबॉल आला तो थेट फोनमधून. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला, आणि बघता बघता ज्या पोरांनी आयुष्यात कधी गोलपोस्टला हात लावला नव्हता ती पोरं आर्सेनलच्या डाव्या बॅकच्या गुडघ्याची चौकशी करायला लागली.

तर आमची नऊ जणांची एक मिनी-लीग आहे. मी, कॉलेजचे काही मित्र, दुबईतला मावसभाऊ, आणि केममधला भाचा, जो दिवसभर घरच्या कुंकवाच्या धंद्यात पॅकिंग बघतो. (लीगचं नाव सांगत नाही, ते छापण्यासारखं नाही.) खेळ म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा अधिकृत फँटसी खेळ. २००२-०३ च्या हंगामापासून चालू आहे, फुकट आहे, आणि जगभरात १ कोटीहून जास्त लोक खेळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की १० कोटी पौंडांचं खोटं बजेट मिळतं, त्यात १५ खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे जास्तीत जास्त ३. दर आठवड्याला त्यातले ११ उतरवायचे, एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. खऱ्या सामन्यात तो खेळाडू जे करेल त्याचे गुण तुम्हाला. बक्षीस म्हणाल तर आमच्यात हंगामाच्या शेवटी हरणारा सगळ्यांना जेवण घालतो, बस.

आता गंमत बघा. या खेळाचे लाइव्ह गुण हे दिसायला एक बेरीज असतात, पण त्या बेरजेत चार-पाच वेगळ्या जातीचे आकडे असतात आणि ते सगळे एकाच रंगात, एकाच टायपात छापलेले असतात.

पहिली जात वाढणाऱ्या आकड्यांची. फॉरवर्डनं गोल केला, ४ गुण. मिडफिल्डरनं केला, ५. पास देणाऱ्याला ३. हे एकदा आले की सहसा जात नाहीत. सहसा. कारण २०१९ पासून तिथे व्हीएआर आहे. गोल झाला, गुण चढले, दुबईहून मावसभावाचा नाचणारा स्टिकर आला, आणि दोन मिनिटांनी पंचांनी पडद्यात बघून खांद्याएवढ्या ऑफसाइडसाठी गोल रद्द केला. गुण उतरले. स्टिकर मात्र राहतो. गोल नेमका कोणाच्या नावावर आणि पास कोणाचा हे तर सामन्यानंतरही कधी कधी बदलतं.

दुसरी जात जास्त फसवी. बचावपटू साठ मिनिटं खेळला आणि त्याच्या संघावर तोवर गोल झाला नाही, तर क्लीन शीटचे ४ गुण. नीट विचार केलात तर हे गुण त्यानं कमावलेले नसतातच. ते उधारीवर दिलेले असतात. सामना संपेपर्यंत किंवा त्याला बाहेर काढेपर्यंत ते फक्त कमी होऊ शकतात, वाढू शकत नाहीत. तरी पडद्यावर ते गोलाच्या गुणांशेजारी त्याच ऐटीत बसलेले असतात.

तिसरी जात बोनसची. प्रत्येक सामन्यात सर्वोत्तम तिघांना ३, २ आणि १ असे जादा गुण मिळतात. हे तिघे कोण, ते ऑप्टा या कंपनीनं टिपलेल्या बारीकसारीक नोंदींवरून ठरतं, पास, टॅकल, अडवलेले शॉट, गमावलेल्या संधी वगैरे. सामना चालू असताना हा हिशेब दर मिनिटाला वरखाली होतो, आणि पक्का होतो तो शिट्टी वाजल्यानंतर. मधल्या वेळात बोनस धरून तुमचा क्रमांक किती ते सांगणाऱ्या इतर साइट्स आहेत, लाइव्ह एफपीएल त्यातली बरीच नावाजलेली. चांगली साइट आहे, मीही वापरतो. पण ती जे सांगते तो अंदाज असतो.

चौथी जात बाकावरच्यांची. तुमचा एखादा खेळाडू मैदानात उतरलाच नाही तर बाकावरचा त्याच्या जागी येतो, पण हा बदल सगळे सामने संपल्यावर लागतो. त्यातही अट आहे, किमान ३ बचावपटू, २ मिडफिल्डर, १ फॉरवर्ड राहिले पाहिजेत. म्हणजे शनिवारी तुमच्या बाकावर पडलेले ८ गुण तुमचे आहेत की नाहीत हे सोमवारी रात्री दुसऱ्याच कोणाच्या गुडघ्यावर ठरणार असतं.

एक हिशेब करून बघू. तुम्ही एका बचावपटूला कर्णधार केलंय. (धाडसी आहात.) ८७ व्या मिनिटाला त्याचे गुण असे: खेळण्याचे २, क्लीन शीटचे ४, संभाव्य बोनस ३. एकूण ९, कर्णधार म्हणून १८. पडद्यावर १८. तुम्ही लीगमध्ये पहिले. ८८ व्या मिनिटाला समोरच्यांनी कॉर्नरवर एक गोल मारला. क्लीन शीट गेली, बोनसही गेला, उरले २, दुप्पट करून ४. तुम्ही लीगमध्ये सहावे. एका मिनिटात तुमचे १४ गुण "गेले" असं तुम्ही म्हणणार, भाचाही तसंच म्हणतो. माझं म्हणणं असं की १४ गुण गेले नाहीत, ते आलेच नव्हते. तुमच्याकडे ८७ व्या मिनिटालाही ४ च होते. उरलेले १४ म्हणजे आठवी फेरी मोजल्यावरची आघाडी.

हा वाद मी गेल्या दोन हंगामांत इतक्या वेळा घातला की शेवटी कंटाळून एका शनिवारी स्वतःच ट्रॅकर लिहायला बसलो.

तांत्रिक भाग फार मोठा नाही. त्या खेळाची साइट उघडली की तुमच्या ब्राउझरला जी माहिती येते ती साध्या जेसनमध्ये असते. खेळाडूंची यादी एका पत्त्यावर, चालू आठवड्याचे लाइव्ह आकडे दुसऱ्या, आणि प्रत्येकानं निवडलेली टीम तिसऱ्या पत्त्यावर. कुठली अधिकृत माहितीपुस्तिका नाही, पण गेली कित्येक वर्षं हौशी लोक हे वापरत आलेत. एक पायथन स्क्रिप्ट दर मिनिटाला एकदाच लाइव्ह आकडे आणते, जपून ठेवते, आणि नऊ जणांचा हिशेब त्या एका प्रतीवरून करते. नऊ फोन नऊ वेळा तिकडे जाऊन धडकत नाहीत. दुसऱ्याच्या विहिरीतून पाणी काढायचं तर घागरीनं काढावं, मोटर लावू नये.

खरा प्रश्न दाखवायचं कसं हा होता. आधी मी दोन रकाने केले, "पक्के" आणि "तूर्त". कोणी वाचेना. मग रंग दिले. चालू सामन्यातले, कमी होऊ शकतील असे गुण पिवळे, पक्के झालेले लाल. (हिरवा-तांबडा नको होता, त्यात नफा-तोट्याचा वास येतो.) पहिल्याच रात्री भाच्याचा मेसेज आला, "मामा, ही पिवळी म्हंजी हळद आन् लाल म्हंजी कुकू हाय का?"

मी हे ठरवून केलं नव्हतं हो! पण केमच्या पोराला दुसरं काय दिसणार? जुन्या पद्धतीत कुंकू हळदीपासूनच व्हायचं, हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे गावात शेंबड्या पोराला माहीत असतं. तेव्हापासून आमच्या लीगची भाषाच बदलली. कोणी ८७ व्या मिनिटाला नाचायला लागलं की खालून उत्तर येतं, "अजून हळदच आहे." दुबईवाल्याला हे आधी कळलं नाही, आता तोच सगळ्यात जास्त वापरतो.

दुसरा बदल भाच्याच्याच सांगण्यावरून केला. आकडे मैदानावरून यंत्रातून येतात तेव्हा ते चित्राच्या पुढे धावतात. स्ट्रीमिंगचं चित्र तीस-चाळीस सेकंद मागे असतं, गावाकडच्या नेटवर आणखी मागे. म्हणजे पडद्यावर अजून कॉर्नर घ्यायचाय आणि फोनच्या वरच्या पट्टीत गोल झालेलासुद्धा आहे. लोक याला "फास्ट अपडेट" म्हणून मिरवतात. मी ट्रॅकरला दोन मिनिटांचा उशीर लावला आणि वरती मोठ्या अक्षरात लिहिलं, "हे आकडे दोन मिनिटांपूर्वीचे आहेत." एका मित्राला हे फार लागलं, म्हणाला मग लाइव्ह कशाला म्हणायचं! त्याला मी रेल्वेचं उदाहरण दिलं. गाडी कुठाय ते सांगणारं "व्हेअर इज माय ट्रेन" हे ॲप केम स्टेशनवर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या फोनमध्ये असतं. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्स या छोट्या कंपनीनं ते बनवलं, २०१८ मध्ये गूगलनं ती कंपनी घेतली. ते मोबाइलच्या टॉवरवरून गाडीची जागा काढतं, आणि ही जागा किती मिनिटांपूर्वी कळली तेही लिहितं. माहिती शिळी असेल तर शिळी आहे असं सांगतं. आजवर कोणी त्याला त्याबद्दल शिव्या दिल्याचं मी ऐकलं नाही. उलट त्या एका ओळीमुळेच माणूस ठरवतो की अजून एक चहा घ्यावा की जिना चढावा.

आपल्या जुन्या व्यवस्थांना हे बरोबर माहीत होतं. क्रिकेटचंच घ्या. नियमांमध्ये दोन गुणलेखक सांगितलेत, आणि त्यांनी आपापल्या वह्या वारंवार ताडून बघाव्यात असं लिहिलंय. पंचानं चौकाराची खूण केली की गुणलेखकानं हात वर करून किंवा दिवा लावून "पोचलं" असं कळवायचं. आमच्या धंद्यात याला अॅकनॉलेजमेंट म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. क्रिकेटमध्ये ते पांढऱ्या टोपीतले दोन म्हातारे करत आले. पोत्यांच्या काट्याचंही तेच. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पोतं टाकलं की आकडा नाचतो, ४९.८, ५०.३, ५०.१... हमाल, मालक, गिऱ्हाईक तिघेही गप्प उभे राहतात. आकडा थांबला की लिहायचं. नाचता आकडा वहीत लिहिणाऱ्याला गावात काय म्हणतील ते सांगायला नको. उसाच्या वजनकाट्यावरून तर आपल्या जिल्ह्यात मोर्चे निघतात.

फँटसी खेळाचाही जन्म थांबलेल्या आकड्यांवर झाला. १९६२ मध्ये ऑकलंडच्या बिल विंकेनबाख यांनी अमेरिकन फुटबॉलवर हा खेळ बसवला, १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट यांनी न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलवर, आणि १९९१ मध्ये अँड्र्यू वेनस्टीन यांनी इंग्लंडमध्ये फुटबॉलवर. तेव्हा गुण काढायचे ते वर्तमानपत्रात छापून आलेल्या आकड्यांवरून, हातानं. सामना कधीच संपलेला असायचा. आपल्याकडे २००० नंतरच्या वर्षांत ईएसपीएन-स्टारचा "सुपर सिलेक्टर" आला तेव्हा ऑफिसात दुसऱ्या दिवशी सकाळी गुण बघायचे, तेही साहेब यायच्या आत. हौस तेवढीच होती, फक्त आकडा सावकाश यायचा. आता तो दर चेंडूला येतो, आणि आला की तोच खरा वाटतो.

इथपर्यंत सगळं गमतीचं आहे. जेवणाची पैज आहे, हरलं तर बिर्याणी. पण हाच पिवळा आकडा पैशाशेजारी नेऊन ठेवला की काय होतं ते मी घरात बघितलंय.

आमच्या एका नातेवाईकाची गोष्ट. केमचाच, धड शिकलेला, धड कमावणारा. ॲप कुठलं ते सांगत नाही, तेव्हा बाजारात डझनभर होते. आयपीएलच्या दिवसांत ४९ रुपये भरून टीम लावायची. ११ खेळाडू, १०० क्रेडिट, कर्णधाराला दुप्पट, उपकर्णधाराला दीडपट. सामना चालू झाला की पडद्यावर तुमचा क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली हिरव्या अक्षरात रक्कम: एवढे रुपये जिंकत आहात. एका रात्री पंधराव्या षटकाला त्याच्या नावाखाली १२ हजार रुपये दिसत होते. त्यानं पडद्याचा फोटो काढून घरात सगळ्यांना दाखवला. वीस षटकं संपली तेव्हा त्याचा क्रमांक बक्षिसांच्या यादीबाहेर होता. रक्कम शून्य.

आता या माणसाचे खरे गेले किती? ४९ रुपये. पण त्याच्या डोक्यात गेले १२ हजार. आणि जो माणूस १२ हजार घालवून झोपतो तो दुसऱ्या दिवशी ते वसूल करायला उठतो. ४९ रुपये गेलेला माणूस कुल्फी खाऊन विसरला असता. हे रोज रात्री, दीड-दोन महिने. त्याचे एकूण किती गेले ते त्यानं अजून नीट सांगितलेलं नाही, त्याच्या बायकोनं एक बांगडी मोडली एवढं मला माहीत आहे.

पंधराव्या षटकाला ती रक्कम दाखवण्याची काहीही गरज नव्हती. हिशेबासाठी नाही, नियमासाठी नाही. खाली बारीक अक्षरात गुण पडताळणीनंतर अंतिम होतील वगैरे लिहिलेलं असायचं, म्हणजे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की ही हळद आहे. ठाऊक असून तिला कुंकवाचा रंग दिला. मी या धंद्यात आहे, मला माहीत आहे की पडद्यावरचा असा प्रत्येक आकडा कुठल्यातरी मीटिंगमध्ये कोणीतरी मागितलेला असतो.

कोर्टात वर्षानुवर्षं वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर, हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ड्रीम११ च्या बाबतीत कौशल्य असं म्हटलं. २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेली ती कंपनी २०२३ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर पोचली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवड पोलिसांतल्या एका उपनिरीक्षकाला ऑनलाइन फँटसी क्रिकेटमध्ये दीड कोटी लागले आणि पाठोपाठ त्याचं निलंबनही झालं, ती बातमी तर आपल्याकडे घरोघर चर्चेत होती. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. सप्टेंबरच्या आशिया चषकात आपला संघ प्रायोजकाच्या नावाशिवायच उतरला.

मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे. पण सगळा दोष पैशावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. पैशाची पैज आपल्याकडे नवी नाही, आकडा आणि मटका काय जुनं नव्हतं? पण मटक्याचा आकडा फुटेपर्यंत तुम्ही जिंकताय असं तुम्हाला कोणी दर चेंडूला सांगत नव्हतं. नवीन होता तो हा अर्धवट आकडा, पूर्ण असल्याचं सोंग घेतलेला. आणि तो कायद्यानं गेलेला नाही. शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या ॲपमध्ये तो आजही दर सेकंदाला हिरवा-तांबडा होत असतो, सौदा न मोडलेल्या माणसाला "तुमचा नफा" म्हणून दाखवला जातो. सेबीनं २०२४ च्या सप्टेंबरात जाहीर केलं की मागच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० किरकोळ लोकांपैकी ९३ जण तोट्यात गेले, सरासरी सुमारे २ लाख रुपयांनी. आमचा तो नातेवाईक सध्या तिकडे आहे. त्याला मी अजून तरी काही बोललेलो नाही, बोलणार आहे.

माझ्यावर एक आक्षेप येतो तो सांगितला पाहिजे. कॉलेजमधला मित्र म्हणतो, तू मजाच काढून घेतोस. नाचणारा आकडा हाच तर खेळ आहे, पक्केच गुण बघायचे तर मंगळवारी सकाळी बघू की! या म्हणण्यात दम आहे. ८७ व्या मिनिटाला श्वास रोखून बसायची जी मजा आहे ती मला घालवायची नाहीच. उलट माझं म्हणणं, पिवळा रंग आला तेव्हापासून ती वाढली. आधी गोल झाला की "माझे १४ गेले" म्हणून चडफड व्हायची. आता पिवळे १४ डोळ्यासमोर असतात आणि माणूस देवाला हाका मारत असतो की बाबा तीन मिनिटं काढ, एवढे लाल होऊ देत. मतमोजणीची मजाही त्यातच असते ना, अजून फेऱ्या बाकी आहेत हे माहीत असण्यात? सगळ्या फेऱ्या संपल्याचं खोटं सांगून कोणी मजा वाढवत नाही.

रात्रीचे मेसेज मात्र कमी झालेले नाहीत. थंडीच्या दिवसांत शनिवारचा शेवटचा सामना आपल्याकडे रात्री अकराला सुरू होतो, एक वाजेपर्यंत भाचा जागा असतो आणि सकाळी पॅकिंगवर डुलक्या काढतो, हे बहिणीनं मला सुनावलंय. त्यावर माझ्या स्क्रिप्टमध्ये इलाज नाही.

पण तो शब्द त्यानं पार कुठल्या कुठे नेलाय. गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा शेजारच्या रानात केळीच्या बागेत व्यापारी आला होता, दर बोलून गेला, शेतकरी खूश. भाचा बांधावरनं म्हणाला, "तात्या, घड गाडीत चढून पैसं हातात येत न्हाईत तवर हळदच हाय ती." तात्यांना फुटबॉलचं काही माहीत नाही, पण ते हसले आणि मान हलवली.

स्क्रिप्ट साधारण चारशे ओळींची आहे. कर्णधार उतरलाच नाही तर उपकर्णधाराला दुप्पट करायचा भाग, आणि एकाच आठवड्यात एका क्लबचे दोन सामने आले तर पहिल्याचे लाल आणि दुसऱ्याचे पिवळे वेगळे ठेवायचा भाग, या दोन ठिकाणी जरा डोकं लागलं, बाकी सरळ आहे. ज्याला हवी त्यानं न्यावी, बदलावी. एकच अट आहे, पिवळ्या आकड्याशेजारी रुपयाचं चिन्ह लावायचं नाही. पुढच्या शनिवारी त्यात बाकावरच्या बदल्यांची भर घालायची आहे, त्यांना कुठला रंग द्यावा यावर लीगमध्ये सध्या वाद चाललाय, आणि दुबईचं मत अजून आलेलं नाही म्हणून तेही पक्कं नाही.